दिवाळीचं कुटुंबपत्र : तुमच्या घरून जातं का, तुमच्या घरी येतं का?

दारव्हेकर

राम राम मंडळी. सोयाबीन अजून शेतात उभं आहे आणि मी दिवाळीच्या पत्राचा विषय काढतोय. पण हे काम ऐन दिवाळीच्या आठवड्यात होत नाही, म्हणून आत्ताच विचारून ठेवतो.

माझा चुलतभाऊ बरीच वर्षं मिशिगनला आहे. तिकडं नाताळाला ओळखीच्या सगळ्यांना कार्ड पाठवतात, आणि बरेच जण त्या कार्डात एक पानभर छापील पत्र घालतात. वर्षभरात घरात काय झालं, कोण कुठं शिकतंय, कोणाची नोकरी बदलली, कोण आजारी होतं, असं. भावानं तीच रीत उचलली, फक्त मजकूर मराठीत लिहितो. डिसेंबरात टाकलेलं पाकीट आमच्याकडे संक्रांतीच्या आसपास पोचतं. मोठी आई, म्हणजे त्याची आई, मला छपरीत बसवून ते वाचायला लावते. व्हिडिओ कॉलवर ती त्याला दर आठवड्याला बघते, तरी पत्राची वाट वेगळीच. मागच्या पत्रात एक ओळ होती की धाकट्याचे पुढचे दात पडलेत आणि त्याला 'स' म्हणता येत नाही. तिथं तिनं मला थांबवलं, कागद हातात घेतला, आणि मी दाखवलेल्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, 'हेच का ते?' तिला अक्षरओळख जेमतेम. मग ती घडी पंचांगासोबत फळीवर गेली. कोणी पाहुणा आला की खाली येते.

यंदा आमच्या घरातूनही असं पत्र जावं असं मी मनावर घेतलंय. आमचं खटलं मोठं. पुणे, नागपूर, सुरत, नांदेड, आणि लग्न होऊन गेलेल्या बहिणी वेगळ्या. सगळे एका ग्रुपवर आहेत. दिवाळीच्या सकाळी तिथं दिव्यांच्या चित्रांचा पाऊस पडतो, पण कोणाचं वर्ष कसं गेलं हे त्यातून कोणालाच कळत नाही. माझी धाकटी आत्या गुडघ्यानं घरात बसली हे मला एका लग्नात तिसऱ्याच माणसाकडून कळलं.

माझं मत असं. पत्र लिहायचं तर वर्ष जसं गेलं तसं लिहावं. पीक बुडालं तर बुडालं. आणि झेरॉक्सच्या खाली प्रत्येक घरासाठी दोन ओळी आपल्या हातानं लिहाव्यात. एवढं नसेल तर ग्रुपवरचं चित्र काय वाईट? तुमच्याकडे कोणी असं करतं का, आणि काय लिहितं, ते सांगा.

पुसदची_लेक

दादा, फार आवडला धागा. माझ्या लग्नानंतर बाबांचं आंतरदेशीय पत्र यायचं, 'भाऊबीजेला तुला घ्यायला येतो' म्हणून. त्यात तारखेची एकच ओळ कामाची असायची. बाकी सगळं गावाचं. कोणाच्या विहिरीला पाणी लागलं, कोणाची गाय व्याली, शेजारच्या काकूंनी माझी आठवण काढली. ती पत्रं माझ्या सासूबाईही वाचायच्या आणि बाबा आले की त्या गाईची चौकशी करायच्या.

शाखा_डाकपाल

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शाखा डाकघरात आहे. कामाचं सांगतो.

पोस्टकार्ड आजही पन्नास पैशांचं आहे. पण त्यावर मजकूर छापून घेतला तर ते छापील कार्ड होतं आणि त्याला ६ रुपये लागतात. लोकांना हे माहीत नसतं. म्हणून कार्डावर लिहायचं तर हातानंच लिहा. आंतरदेशीय पत्र अडीच रुपयांचं, त्याच्या आत काहीही घालायचं नाही, फोटोही नाही. साधं पाकीट २० ग्रॅमपर्यंत ५ रुपये. ए-फोर कागदाचं एक पान साधारण पाच ग्रॅम भरतं, म्हणजे एक पान आणि एक पातळ कार्ड पाकिटासकट बसून जातं. जाड चकचकीत कार्ड घेतलं की वजन वर जातं. तिकीट कमी पडलं तर पत्र बेरंग होतं आणि घेणाऱ्याकडून कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट घेतात. दिवाळीच्या शुभेच्छा देऊन पाहुण्याला दंड पडू नये.

पाकीट पांढरं किंवा फिकं घ्या. गडद लाल पाकिटावर निळ्या पेनानं लिहिलेला पत्ता वाचता वाचता आमच्या डोळ्यांना पाणी येतं. स्टेपलर मारू नका, चिकटवा. महाराष्ट्राबाहेर जाणार असेल तर पत्ता इंग्रजीत किंवा हिंदीत. आणि शाखा डाकघर दिवसातून चार-पाच तासच उघडं असतं, तिथून थैली उपडाकघरात जाते, मग पुढं. म्हणून दिवाळीच्या किमान बारा-पंधरा दिवस आधी टाका.

वाशीमकर

कल्पना चांगली आहे, पण 'जसं गेलं तसं लिहावं' हे मला पटत नाही. घरातलं चार घरी कशाला जावं? पत्र कोणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. पोराचं लग्न जुळत नाही, जावयाचं काम सुटलं, असल्या गोष्टी लिहून ठेवल्या की त्या पुढं दहा वर्षं निघतात. सणाला सणासारखं लिहावं. आमचे बाबाजी 'इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे' एवढंच लिहायचे आणि त्यात सगळं यायचं.

दारव्हेकर

वाशीमकर काका, तुमचा मुद्दा खरा आहे आणि तो मी मोडून काढत नाही. ज्याची गोष्ट त्याला विचारल्याशिवाय पत्रात घालायची नाही, हा नियम आमच्याकडे राहील. पण 'सर्व क्षेम' लिहून बाबाजींचं भागायचं कारण पत्राच्या मागून माणूस यायचा. पोळ्याला, तेरवीला, लग्नाला आठ-आठ दिवस मुक्काम असायचा, तेव्हा बाकीचं बोलून व्हायचं. आता लग्नाला लोक जेवणाच्या वेळी येतात आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. बोलायला जागाच उरली नाही.

तेल्हाऱ्याचा_पोट्टा

वाशीमकर काकाजी, राग नका मानू, पण एक सांगतो. माह्या बापानं सोसायटीचं कर्ज थकलं हाय हे लय दिवस कोणालेच सांगतलं नाही. घरात आम्हाले बी नाही. रातची झोप नाही, जेवण नाही, अन् विचारलं त काही नाही म्हणे. एका दिवाळीले त्याईनं मामाजीले कार्ड लिहिलं, अन् खाली एक ओळ टाकली, 'औंदा वर्स जड गेलं.' बस, एवढीच. आकडा नाही, काही नाही. मामाजी परतवाड्याहून दुसऱ्याच हप्त्यात आले. कापूस वेचाले आलो म्हणे. दोन दिवस बापासंगं वावरात राहिले. काय बोलले थे मले मालूम नाही, पण बाप त्या दिवसापासून जेवाले लागला.

पैसे मामाजीपाशी बी नव्हते. म्हणून म्हणतो, अब्रू-गिब्रू ठीक हाय, पण आपल्या इकडं माणसं मनातल्या मनात कुढून गेली हायेत, अन् घरच्याले शेवटपर्यंत पत्ता नाही लागला. एक ओळ लिहा बाप्पा.

पुसदची_लेक

भाऊ, तुमच्या बाबांना नमस्कार सांगा.

अकोट_ते_ओहायो

मी अकोटचा, आता ओहायोत. दारव्हेकर, तुमच्या भावासारखंच आमचंही डिसेंबरात कार्डांचं काम चालतं, म्हणून इकडची बाजू सांगतो.

मूळ कार्ड इंग्लंडचं. १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल या गृहस्थांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून नाताळाचं कार्ड काढून घेतलं आणि हजारेक प्रती छापल्या. एका कार्डाला एक शिलिंग, म्हणजे तेव्हा महागच. हेच कोल त्याआधी टपालसुधारणेच्या कामात होते. १८४० मध्ये तिकडं एका पेनीत देशभर पत्र जायला लागलं, लोक भराभर लिहायला लागले आणि प्रत्येकाला उत्तर देणं अवघड झालं, त्यातून छापील कार्डाची गरज आली. आपल्याकडंही तसंच आहे. १८७९ मध्ये पाव आण्याचं पोस्टकार्ड निघालं आणि पत्र ही गरिबाच्या आवाक्यातली गोष्ट झाली.

छापील कुटुंबपत्राबद्दल इकडं तक्रारही खूप ऐकतो. मुलाला बक्षीस, मुलीला शिष्यवृत्ती, युरोपची सहल, नवीन घर, असं एकामागून एक वाचून लोक कंटाळतात. शेजारच्या एका आजींची पत्रं मात्र सगळे जपून ठेवतात. त्या बागेतल्या टोमॅटोला कीड लागल्याचं लिहितात, नवऱ्याच्या विसरण्याच्या आजाराबद्दल लिहितात, आणि तो अजून कोणती गाणी पूर्ण म्हणतो तेही लिहितात. बढाईचं पत्र कोणाचंही असू शकतं, आजींचं पत्र फक्त त्यांच्याच घरचं असतं.

आणखी एक. गावाकडून आम्हाला पाठवणार असाल तर मोठ्या बातम्या लिहू नका, त्या फोनवर कळतात. बांधावरचं बाभळीचं झाड तोडलं का ठेवलं, शाळेत आता किती पोरं आहेत, आठवडी बाजार अजून त्याच जागी भरतो का, हे लिहा.

चिमूरवाली

एक विचारायचं होतं. आमच्याकडं आषाढात सासरे गेले. यंदा घरात दिवाळी नाही. पण दरवर्षी कार्डं तेच पाठवायचे, सगळ्यांना स्वतःच्या अक्षरात. लोकांकडून येतीलच. उत्तर द्यावं की वर्ष होईपर्यंत थांबावं? घरात दोन मतं आहेत.

आर्वीकर_काका

ताई, वाईट वाटलं. माझं वय झालंय म्हणून जुनं थोडं माहीत आहे.

पूर्वी दुःखाच्या बातमीच्या कार्डाचा कोपरा फाडलेला असायचा. पोस्टमननं ते हातात दिलं की वाचायच्या आधीच बायका रडायला लागायच्या. वाचून झालं की कार्ड फाडून टाकायचे, घरात ठेवायचे नाहीत. शुभ पत्राला हळदीकुंकवाची बोटं लागायची आणि वर 'श्री'. म्हणजे कागद हातात घेताच आत काय आहे ते कळायचं, आणि निरक्षर माणसालाही कळायचं.

तुम्ही यंदा दिव्याचं, रांगोळीचं कार्ड पाठवू नका आणि शुभेच्छाही लिहू नका. साधं पोस्टकार्ड घ्या. तेरवीला आले त्यांचे आभार माना, आणि सासऱ्यांनी शेवटच्या वर्षात काय काय केलं ते चार ओळींत लिहा. कोणतं झाड लावलं, कोणाला भेटायला गेले, कशाची वाट पाहत होते. ज्यांना त्यांची कार्डं यायची त्यांना तुमचं हे कार्ड हवंच असेल. यात शास्त्राचा काही अडसर असेल असं मला वाटत नाही, पण घरातल्या थोरांना एकदा विचारा.

चिमूरवाली

काका, सासूबाईंना वाचून दाखवलं. 'पत्ते त्यांच्याच वहीतून घ्या' म्हणाल्या. म्हणजे होकार आहे. धन्यवाद.

मास्तरीणबाई_धामणगाव

दोन गोष्टी.

पहिली मुलांची. आपल्या मराठीत दिवाळीला वाचायला काहीतरी नवं हवंच. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकानं दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही सवय आहे. मग घरचा दिवाळी अंक का नको? आमच्या शाळेत हस्तलिखित काढायचो, तसंच घरी करा. पाच-सहा पानं पुरतात. एक पान आजीच्या तोंडून, मुलानं लिहून घेतलेलं. एक पान मुलांच्या चित्रांचं. शेताचा नकाशा काढायला सांगा : विहीर कुठं, धुरा कुठं, आंब्याचं झाड कुठं. पुण्यात वाढलेल्या नातवंडांना आपलं वावर कुठून कुठपर्यंत आहे हे माहीत नसतं. मूळ प्रत घरी ठेवायची आणि झेरॉक्स पाठवायच्या. कार्डं विकत घ्यायचीच असतील तर वरोऱ्याच्या आनंदवनातली हातानं केलेली घ्या, सुंदर असतात.

दुसरी गोष्ट जरा स्पष्टच बोलते. अशी पत्रं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यात घरातल्या पुरुषाचं वर्ष असतं. पेरणी, मोटार, निवडणूक, पोरांची नोकरी. आणि शेवटी 'सौ.ची तब्येत ठीक आहे.' एवढंच तिचं वर्ष? दारव्हेकर, तुमच्या पत्रात वहिनींचं काय लिहिणार आहात?

दारव्हेकर

ताई, प्रश्न घरी वाचून दाखवला. तुमची वहिनी, म्हणजे आमची सौ., म्हणाली, 'मी सांगीन तेव्हा लिहा.' सांगते की नाही ते कळवतो.

वर्ध्याचा_वाटसरू

पत्त्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. गांधीजी ज्या सेगावात राहायला आले तिथली टपालं बुलढाण्याच्या शेगावला जायची आणि तिकडची इकडं. नावात फरक एका अक्षराचा. शेवटी १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम केलं. महात्म्याच्या टपालाची ही गत, तर आपली काय कथा. विदर्भात बोरगाव, पिंपळगाव, खापरी किती आहेत ते मोजून बघा.

म्हणून 'मु. पो.' एकत्र लिहायची सवय सोडा. गावात डाकघर असेल तरच 'मु. पो.' नाहीतर 'मु.' वेगळं आणि ज्या गावातून टपाल येतं त्याचं 'पो.' वेगळं. मग ता., जि. आणि पिन. १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड आहे. आपल्या भागाचे पिन ४४ नं सुरू होतात : वर्धा ४४२००१, यवतमाळ ४४५००१, अमरावती ४४४६०१. सहावा आकडा चुकला तरी पत्र भलत्याच डाकघरात जातं.

शाखा_डाकपाल

वर्धेकरांशी पूर्ण सहमत. आणि पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता लिहाच. घर बदललेल्या माणसाचं पत्र परत आणायला आमच्याकडे दुसरा मार्ग नसतो.

घरच्या लोकांचा फोटो असलेलं तिकीटही निघतं. 'माय स्टॅम्प' म्हणतात. १२ तिकिटांचा एक ताव ३०० रुपयांना. आमच्यासारख्या शाखेत होत नाही. मोठ्या डाकघरात, नागपूरच्या जीपीओत चौकशी करा. आजी-बाबाजींचा फोटो लावून एखाद्या वर्षी करण्यासारखं आहे.

दारव्हेकर

सोयाबीन निघालं. पत्राचा मसुदा झाला तो इथं टाकतो. चुका असतील तर बिनधास्त सांगा.

'॥ श्री ॥ सर्व थोरांना शिरसाष्टांग नमस्कार, लहानांना आशीर्वाद. यंदा पाऊस वेळेवर आला, पण सोयाबीन कापायच्या तोंडावर पुन्हा बरसला. खोलगट वावरातलं सोयाबीन शेंगेतच काळं पडलं, वरच्या वावरातलं हाती आलं. कापूस चांगला आहे, बोंडं फुटायला लागली, वेचणीआधीची सीतादहीची पूजा येत्या आठवड्यात करू. तूर कमरेच्या वर गेली. विहिरीची मोटार जळाली होती, बांधून आणली. मोठ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आता सुईत दोरा स्वतः ओवते. लाल गाईला गोऱ्हा झाला. गावच्या शाळेत चौथीपर्यंतचे वर्ग अजून सुरू आहेत, पण पोरं कमी झाली. मारुतीच्या पारावरचा पिंपळ वादळात अर्धा मोडला, बुंध्याला नवी पालवी आहे. पैशाच्या दृष्टीनं वर्ष ओढाताणीचं गेलं. या, राहायला या. एक दिवसासाठी येऊ नका.'

वाशीमकर

चांगलं झालंय. ओढाताणीची ओळ मी असतो तर काढली असती, पण वाचताना खटकली नाही, हेही खरं. 'एक दिवसासाठी येऊ नका' हे ठेवा.

अकोट_ते_ओहायो

पिंपळाचं वाचून मी माझ्या गावच्या पाराचा फोटो मागवला घरून. शाळेत नक्की किती पोरं आहेत तेही लिहा, आकडा हवा असतो वाचणाऱ्याला.

तेल्हाऱ्याचा_पोट्टा

मोटार बांधाले किती लागले थे बी लिहा, सगळ्याईले उपयोगी पडते.

मास्तरीणबाई_धामणगाव

वहिनी?

दारव्हेकर

वहिनीनं काल रात्री भाकरी थापता थापता सांगितलं आणि मी चुलीपुढं बसून लिहून घेतलं. तिच्याच शब्दांत टाकतो, एकही शब्द बदलला नाही.

'आमच्या बचत गटानं उन्हाळ्यात सरगुंडे अन् कुरड्या केल्या, यवतमाळच्या प्रदर्शनात सगळा माल गेला. त्या पैशातून मी माझ्या नावानं शिलाई मशीन घेतली. रात्री शिवते. लाइट गेली की हातमशीनसारखी फिरवते. पोरगी दहावीत आहे, तिला पुढं नागपूरला ठेवायचं माझं मन आहे, घरात अजून ठरलं नाही. कोणाकडे नागपुरात मुलींच्या वसतिगृहाची माहिती असेल त्यानं मला कळवावं. ह्यांना नाही, मला.'

शेवटचं वाक्य ठेवू का असं मी विचारलं. ती म्हणाली, तेवढं एक तर ठेवाच.

मास्तरीणबाई_धामणगाव

वहिनींना माझा नमस्कार. तो परिच्छेद पत्राच्या सुरुवातीला घ्या, आणि खाली त्यांचा फोन नंबर. नागपुरातल्या शासकीय मुलींच्या वसतिगृहांचे अर्ज दहावीच्या निकालानंतर सुरू होतात, पण उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र आत्ताच काढून ठेवायला सांगा. ऐन वेळी सेतू केंद्रात रांगा लागतात.

पुसदची_लेक

माझी नणंद नागपुरात शिक्षिका आहे. वहिनींशी तिचं बोलणं करून देते. दादा, तुम्हाला निरोप पाठवलाय, तो बघा.

दारव्हेकर

बघितला ताई, वहिनीला दिला. परिच्छेद वर घेतला. शाळेत एकोणीस पोरं आहेत, तेही लिहिलं. आता झेरॉक्सला चाललोय. डाकपाल साहेब, एक पान, दोन्ही बाजूंनी छापलेलं, आणि पोरांनी काढलेलं पोस्टकार्डाएवढं जाड चित्र. पाच रुपयांत बसेल ना?

शाखा_डाकपाल

बसायला पाहिजे. तरी एक पाकीट न चिकटवता डाकघरात आणा, वजन करून बघू, मग बाकीच्यांना तिकिटं लावा. दुपारी थैली जाते, त्याच्या आधी या.